पाठ झालं, पण प्रश्न फिरवला की संपलं

प्रश्न, थोडक्यात : माझं वय ४३. बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर बढतीसाठी खात्याअंतर्गत परीक्षा द्यायचं ठरवलं आहे. परीक्षेला चार महिने आहेत. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये हजारभर प्रश्नांचा संच आहे. चार पर्यायांतून एक निवडला की बरोबर की चूक ते लगेच कळतं. घरकाम करताना, टीव्ही चालू असताना, प्रवासात मी तेच सोडवत असते आणि नव्वदच्या वर टक्के मिळतात. कार्यालयानं घेतलेल्या सराव परीक्षेत मात्र जेमतेम निम्मे गुण आले. प्रश्न जरा फिरवून विचारला, किंवा एखादा प्रसंग देऊन 'इथे कोणता नियम लागेल?' असं विचारलं की डोकं रिकामं होतं. नियमांचं पुस्तक तीनदा वाचलं, हायलायटरनं रंगवलं. आमच्याकडचा लेखा विभागातला २६ वर्षांचा मुलगा एकदा वाचतो आणि सगळं सांगतो. माझी स्मरणशक्ती गेली का? स्मरणशक्ती वाढवण्याचा महागडा कोर्स लावू, पहाटे दोन तास लवकर उठू, की यंदा परीक्षाच सोडून देऊ?

उत्तर :

आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. हजारातल्या नऊशेच्या वर प्रश्नांची उत्तरं तुम्हाला येतात, आणि तीही हातात दुसरं काम असताना. स्मरणशक्ती गेलेल्या माणसाला हे जमत नाही. तुमच्या मेंदूनं काहीतरी पक्कं शिकून ठेवलं आहे, यात मला शंका नाही. तुम्ही विचारताय की माझ्या लक्षात का राहत नाही. मला विचारावंसं वाटतं, जे राहिलंय ते नेमकं कुणाच्या लक्षात राहिलंय?

कुणाच्या, म्हणजे मेंदूतल्या कोणत्या यंत्रणेच्या. स्मरणशक्ती ही एकच टाकी आहे आणि वयाबरोबर ती गळायला लागते, अशी आपली समजूत असते. पत्रभर तुम्हीही तीच धरून चालला आहात. पण टाकी एक नाही, हे कळून आता बराच काळ लोटला आहे. १९५३ मध्ये फेफऱ्यावरचा उपाय म्हणून एका तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवण्याचं काम करणारा भाग, आणि आसपासचा भाग शस्त्रक्रियेनं काढला गेला. वैद्यकशास्त्रात तो 'एच. एम.' या नावानं ओळखला जातो. त्यानंतर त्याला नवीन घटना लक्षातच राहीनात. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा रोजच्या सरावानं त्याचा हात सुधारत गेला. आपण हे काल केलं होतं, याची मात्र त्याला गंधवार्ता नव्हती. घटना आणि माहिती सांभाळणारी यंत्रणा वेगळी, आणि सरावानं अंगवळणी पडणाऱ्या गोष्टी सांभाळणारी वेगळी.

इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. या दोन यंत्रणांपैकी काम कुणाकडे जाणार, हे फक्त विषयावर ठरत नाही. आपण शिकतो कसं, त्यावरही ते ठरतं.

मानसशास्त्रात एक हवामानाच्या अंदाजाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पत्त्यांवर आकृत्या असतात. समोर आलेले पत्ते बघून पाऊस की ऊन, ते सांगायचं. तोच पत्ता बहुतेक वेळा पावसाचा, पण कधीकधी उन्हाचाही निघतो, त्यामुळे सरळसोट नियम पाठ करून भागत नाही. अंदाज करा, बरोबर-चूक बघा, पुढचे पत्ते घ्या. तुमचं अ‍ॅप आठवलं असेलच. १९९६ मध्ये नोल्टन, मँगल्स आणि स्क्वायर यांनी हा प्रयोग दोन प्रकारच्या रुग्णांवर केला. नवीन आठवणी साठवू न शकणाऱ्यांचे अंदाज सरावानं सुधारले, पण नंतर त्या सरावाबद्दल विचारल्यावर त्यांना धड सांगता येईना. पार्किन्सनच्या रुग्णांचं नेमकं उलटं झालं. त्यांच्यात मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागाचं, म्हणजे सवयी सांभाळणाऱ्या यंत्रणेचं काम बिघडलेलं असतं. काय काय पाहिलं ते त्यांना आठवत होतं, पण अंदाज काही सुधारेनात.

मग २००१ मध्ये पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांना हेच पत्ते दोन रीतींनी शिकवले आणि त्या वेळी मेंदूत काय चालतं ते पाहिलं. एकात अंदाज करून बरोबर-चूक बघायचं, दुसऱ्यात पत्ते आणि उत्तर एकत्र बघून समजून घ्यायचं. पहिल्या रीतीत स्ट्रायटमचा भाग जोरात आणि हिप्पोकॅम्पसच्या बाजूचा भाग थंड. दुसऱ्या रीतीत याच्या उलट. एकाचं काम वाढलं की दुसऱ्याचं उतरताना दिसलं. पत्ते तेच, हवामान तेच, फक्त शिकण्याची रीत बदलली होती.

आणि २००६ मधला फोर्ड, नोल्टन आणि पोल्ड्रॅक यांचा प्रयोग तर तुमच्या टीव्हीसाठीच केल्यासारखा आहे. पत्त्यांचा सराव चालू असताना लोकांना कानावर पडणारे उंच स्वर मोजायला सांगितले. एवढं व्यवधान असूनही त्यांचे अंदाज जवळजवळ तितकेच बरोबर आले. पण जे शिकलो ते वेगळ्या तऱ्हेनं विचारल्यावर, म्हणजे अमुक पत्ता कोणत्या हवामानाशी किती जोडलेला आहे असं थेट विचारल्यावर, व्यवधानात शिकलेलं उणं पडलं. एकाग्रपणे शिकताना कामगिरीचा संबंध हिप्पोकॅम्पसशी दिसत होता, व्यवधानात तो स्ट्रायटमशी दिसला. सवयीच्या यंत्रणेला अर्धवट लक्षही पुरतं. मात्र तिनं शिकलेलं ज्या रूपात शिकलं त्याच रूपात चालतं. रूप बदललं की ते हाताशी येत नाही.

आता तुमची तक्रार पुन्हा वाचा. 'प्रश्न फिरवला की डोकं रिकामं.'

प्रयोगातले पत्ते आणि तुमचे सेवानियम यांत अंतर आहे, हे मान्य. शेकडो वेळा पाहिलेला प्रश्न नुसत्या चेहऱ्यामोहऱ्यावरूनही ओळखू येतो. लांबलचक पर्याय दिसला की बोट आपोआप तिकडे जातं, त्यात फार खोल शास्त्र नाही. पण दोन्हींचा निष्कर्ष एकाच दिशेला जातो. तुम्ही चार महिन्यांनी जे करायचं आहे त्याचा सराव करत नाही आहात. सराव चाललाय तो ओळखण्याचा, आणि परीक्षा मागते आठवून वापरणं.

मग अ‍ॅप काढून टाकू का, असं तुम्ही विचाराल. नको. स्वतःची परीक्षा घेत शिकणं ही शिकण्याच्या सगळ्यात चांगल्या रीतींपैकी एक आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला, दुसऱ्या गटाला एकदाच वाचू दिला आणि मग पुस्तक बंद करून तीन वेळा आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. तुमच्या तीन वाचनांचं आणि हायलायटरचं काय झालं, याचं उत्तरही इथेच आहे. चौथ्यांदा वाचताना मजकूर सरसर पुढे जातो आणि त्या सरसर जाण्यालाच आपण 'आलं' म्हणतो. त्या विद्यार्थ्यांनाही विचारलं होतं की आठवड्यानं किती आठवेल. सगळ्यात जास्त खात्री होती ती नुसतं वाचणाऱ्यांना.

तेव्हा अ‍ॅप ठेवा, वापर बदला. प्रश्न वाचा, पण पर्याय हातानं झाका. उत्तर तोंडानं म्हणा किंवा कागदावर खरडा, आणि त्यामागचं कारणही सांगा: हा नियम का, कुणाला लागू, अपवाद कोणता. मग हात काढा. उत्तर बरोबर आलं म्हणून लगेच पुढे पळू नका. उरलेले तीन पर्याय चूक का आहेत ते सांगा, आणि प्रश्नात काय बदललं असतं तर त्यातला एखादा बरोबर ठरला असता, तेही. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं आहे. प्रश्न 'फिरवणं' म्हणजे दुसरं काही नसतं. परीक्षक नेमकी तीच एक अट बदलतो. ती तुम्ही घरीच बदलून पाहिलेली असली, तर परीक्षागृहात तिची भीती राहत नाही. या पद्धतीनं तासाला शंभर प्रश्न होणार नाहीत, पंधरा-वीस होतील. होऊ द्या.

हे काम टीव्हीसमोर होणार नाही. ताज्या विचारासाठी मनात एका वेळी धरून ठेवण्याची जागा फारच थोडी असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी ती सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन ती चारच्या जवळ आणली. नियम, त्याची अट, अपवाद आणि समोरचा प्रसंग, एवढ्यातच ती जागा भरते. मालिकेतल्या संवादाला तिथे शिरकाव मिळाला की यातलं एक काहीतरी बाहेर पडतं, आणि ते बहुधा अपवादच असतं. टीव्हीला माझी ना नाही. टीव्हीबरोबर काय करायचं ते निवडा. कलमांचे क्रमांक, मुदतींचे आकडे, कोणता अर्ज कुणाकडे जातो, असं जे जसंच्या तसं विचारलं जातं, ते खुशाल कामं करता करता घोका. सवयीची यंत्रणा तिथे हुकमी आहे, आणि परीक्षेत असे सोपे गुण झटपट पदरात पडले तर विचाराच्या प्रश्नांना वेळ उरतो. घोकंपट्टीला नावं ठेवण्याची फॅशन आहे, मला ती पटत नाही. जिथे तिचं काम आहे, तिथे तिला काम द्यावं. प्रसंगाचे प्रश्न मात्र दिवसातल्या त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी राखून ठेवा, जेव्हा फोन दुसऱ्या खोलीत असेल.

आता त्या २६ वर्षांच्या मुलाबद्दल. तो लेखा विभागात आहे, हे तुम्ही ओझरतं लिहून गेलात, पण ते पत्रातलं महत्त्वाचं वाक्य आहे. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना पटावरची मांडणी पाच सेकंद दाखवली. खऱ्या डावातली मांडणी असेल तर पट्टीच्या खेळाडूनं ती नवशिक्याच्या कितीतरी पुढे जाऊन पुन्हा मांडली. सोंगट्या वाटेल तशा टाकल्या, तेव्हा त्याची ती आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हती, त्याला डाव ओळखीचे होते. तुमचा सहकारी ज्या नियमांचं पुस्तक 'एकदा वाचतो', त्यातले निम्मे नियम त्याच्या टेबलावरून रोज जातात. नव्या माहितीला बसायला त्याच्याकडे आधीच जागा आहे. ती तुमच्याकडेही आहे, तुमच्या विभागाच्या कामाची. इतक्या वर्षांत तुमच्या हाताखालून गेलेली प्रकरणं आठवा आणि प्रत्येक नियमाला त्यातलं एक जोडा. कुणाची रजा कुठे अडली होती, कुणाचा प्रस्ताव का परत आला होता. नियम ज्या प्रकरणाला चिकटला, त्या प्रकरणासकट तो आठवतो. तो मुलगा चांगला असेल तर त्याला आठवड्यातून एकदा चहाच्या सुट्टीत गाठा आणि लेखा विभागाचे नियम तुम्ही त्याला समजावून सांगा. हो, तुम्ही त्याला. तुम्ही कुठे अडखळता ते त्याला ऐकू येईल, आणि तुम्हालाही.

वयाचं म्हणाल, तर झपाट्यानं काम करण्याचा वेग आणि मनात एका वेळी धरून ठेवण्याची क्षमता वयाबरोबर हळूहळू उतरते, हे खरं आहे. त्याच काळात शब्दसंपत्ती आणि जमलेलं ज्ञान वाढतही राहतं. ४३व्या वर्षी परीक्षा हातातून जाईल असं त्यात काही नाही. मात्र घरातही तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात असतील, ओळखीचा रस्ता चुकत असेल, पैशांचे साधे हिशेब अडत असतील, तर अभ्यासाच्या पद्धतीवर न थांबता डॉक्टरांना भेटा. अपुरी झोप, थायरॉइड, 'बी १२' जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, यांतलं कोणतंही कारण डोकं जड करू शकतं. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांतही अनेक स्त्रियांना विसरभोळेपणा जाणवतो. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या आणखी कुणाला दिसेल.

तुमच्या तीन पर्यायांपैकी कोर्सवर मी एक पैसा खर्च करणार नाही. अशा कोर्समध्ये बहुधा जागांची पद्धत शिकवतात: ओळखीच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी एकेक गोष्ट मनात ठेवत जायचं. ती खोटी नाही. २००३ मध्ये एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धांतले दहा पट्टीचे स्पर्धक तपासले. त्यांची बुद्धिमत्ता काही असामान्य निघाली नाही, मेंदूची घडणही वेगळी नव्हती. दहापैकी नऊ जण ही जागांची युक्ती वापरत होते, आणि आठवताना हिप्पोकॅम्पससह जागा-दिशा सांभाळणारे मेंदूचे भाग कामाला लावत होते. इथेही रीतच ठरवतेय की कोण काम करणार. पण ही युक्ती याद्यांसाठी उत्तम आहे. वीस कलमं क्रमानं म्हणायला ती मदत करेल, यातलं कोणतं कलम समोरच्या प्रसंगाला लागतं हे ती सांगणार नाही. आणि तुम्ही अडता ते तिथेच.

पहाटेचे दोन तास झोपेतून कापणार असाल तर तेही नको. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. तुमच्याकडे आज जो वेळ जातोय, तोच पुरेसा आहे, फक्त त्याची वाटणी बदलायची आहे. उजळणीतलं अंतर वाढवा. पुस्तकातलं एकच प्रकरण सलग चार दिवस धरण्यापेक्षा आज, मग काही दिवसांनी, मग आणखी मोठ्या अंतरानं घ्या. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३५०हून अधिक लोकांवर हे तपासलं. ३५ दिवसांनी आठवायचं असेल तर अभ्यासाच्या दोन फेऱ्यांत सुमारे ११ दिवसांचं अंतर फायद्याचं ठरलं, ७० दिवसांनी आठवायचं असेल तर सुमारे २१ दिवसांचं. तुमच्या चार महिन्यांत प्रत्येक प्रकरणाला तीन-चार फेऱ्या आरामात बसतात. मधल्या काळात थोडं विसरायला होईल, आणि परत आठवताना कष्ट पडतील. ते कष्ट टाळायला जाऊ नका, उजळणीचा उपयोग त्यातच आहे.

आणखी एक बदल कराच. अ‍ॅपमध्ये प्रकरणवार सराव बंद करून सगळी प्रकरणं मिसळा. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींचं घनफळ काढण्याची उदाहरणं काहींना प्रकारवार दिली, काहींना मिसळून. सरावात प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत प्रकारवारवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३वर. 'रजा' या शीर्षकाखाली प्रश्न आला की नियम रजेचा, हे शोधावंच लागत नाही. परीक्षेत ते शीर्षक नसतं.

या आकड्यांमुळे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पर्याय झाकून, मिसळून सोडवायला लागलात की तुमचे नव्वद टक्के पहिल्या आठवड्यातच घसरतील, कदाचित साठवर येतील. तेव्हा घाबरून जुन्या पद्धतीकडे पळू नका. अ‍ॅपवरचा आकडा महिनाभर बघूच नका. त्याऐवजी एका वहीत रोज फक्त दोन ओळी लिहा: आज कोणता नियम कारणासह आठवला, आणि कोणता पर्याय बघेपर्यंत आठवला नाही. दुसऱ्या ओळीतले नियम पुढच्या फेरीत आधी घ्या.

परीक्षेचा फॉर्म भरा. सोडायची की नाही हे आज ठरवायला तुमच्याकडे माहितीच नाही, कारण गेल्या सराव परीक्षेनं तुमची स्मरणशक्ती मोजली नाही, तुमची पद्धत मोजली. सहा आठवड्यांनी दुसरी सराव परीक्षा द्या आणि प्रसंगाधारित प्रश्नांचे गुण बाजूला काढून मोजा, एकूण बेरीज सोडून द्या. ते गुण हलले असतील, थोडे का होईना, तर याच वाटेनं पुढे जा. अजिबात हलले नसतील तर उत्तरपत्रिका त्या लेखा विभागातल्या मुलासमोर ठेवा आणि प्रत्येक चुकीसमोर एक खूण करा: नियम आठवलाच नव्हता, की आठवला पण लावता आला नाही. पहिल्या प्रकारच्या चुका जास्त असल्या तर फेऱ्या वाढवा. दुसऱ्या प्रकारच्या जास्त असल्या तर पुस्तक बाजूला ठेवून रोज दोन-तीन प्रसंग स्वतः रचा आणि सोडवा. त्या खुणांचा कागद जपून ठेवा आणि तिसरी सराव परीक्षा झाली की दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पुढे ढकलायची की नाही, ते त्या दिवशी ठरवा.